आवडीचा फळा आणि इंग्रजीतला अर्ज

इंदू, तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच मला कळायला हवं. बाकी काही नको.

तुला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी तुझा चेहरा आठवून आठवून उलटतपासणी केली आहे. तू हसायचीस ते साधं हसणं होतं की त्यात काही होतं? डबा उघडताना माझ्याकडे बघून डोळे बारीक करायचीस, ते खिडकीतल्या उन्हामुळे की आणखी कशामुळे? आठ वर्षं आपण एका टेबलावर जेवलो आणि आठ वर्षं माझ्या मनात हीच पाल चुकचुकत राहिली. तुला ठाऊक असेल तर तू फार मोठ्या मनाची होतीस. नसेल तर मी तुला आठ वर्षं फसवलं. काहीही निघालं तरी माझी सुटका नाही, हे मला कळतं.

आपल्या शाळेच्या कमिटीकडे 'एक हितचिंतक' अशा सहीचा जो अर्ज गेला, ज्याच्यामुळे तुझा आवडीचा फळा भिंतीवरून उतरला, तो अर्ज मी दिला होता. सरोजिनीने नाही. तू मरेपर्यंत जिच्याशी बोलली नाहीस, त्या आपल्या तेलुगूच्या सरोजिनी टीचरने नाही. मी दिला, तुझ्या वत्सलाताईने.

हे लिहून झालं. आता पहिल्यापासून सांगते, कारण मी अशी का वागले हे सांगितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. समर्थन नाही करत. तशीही तू आता मला अडवू शकत नाहीस.

तेव्हाचे दिवस आठव. हिमायतनगरात आमच्या गल्लीत विजेच्या खांबांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या. ज्या घरात आधी एका टीव्हीवर एकच कार्यक्रम दिसायचा, तिथे एकदम चाळीस दिसायला लागले. दुकानात साबण मागितला की 'कौनसा दूं?' असा उलटा प्रश्न यायला लागला. आणि रोज सकाळी आपल्या शाळेसमोरून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाड्या जायच्या, आपल्याच मराठी घरांतली टाय लावलेली पोरं घेऊन. सहावीचा पट एकतीसवर आला होता. तू एके दिवशी स्टाफरूममध्ये म्हणालीस, "ताई, लेकरांच्या हातात घरी रिमोट आलाय. घडीघडी चॅनेल बदलू लागलेत. अन आपण अजून म्हणतो, पान चाळीस काढा."

मी म्हणाले, "मग काय करायचं? पान एक्केचाळीस काढायचं?"

तू हसलीस. आणि पुढच्या सोमवारी सहावीच्या भिंतीवर तो फळा लागला.

मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो. मोठ्या कॅलेंडरची चार पानं पाठमोरी चिकटवलेली, त्यावर निळ्या स्केचपेनने आखलेली नऊ घरं. प्रत्येक घरात एक काम आणि एक खिळा. जुन्या लग्नपत्रिका कापून तू एकतीस बिल्ले केले होतेस, त्यावर मुलांची नावं. पहिला धडा नद्यांचा होता, म्हणून तू आपली मूसी घेतलीस. एका घरात 'चित्र काढा'. दुसऱ्यात 'पुलावर जाऊन नदीकाठी काम करणाऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून आणा'. तिसऱ्यात 'पाण्याशी संबंधित शब्द घरी किती भाषांत बोलतात ते लिहा'. कुठे नकाशा, कुठे नाटुकलं, कुठे धड्याखालचा स्वाध्याय. मधलं घर रिकामं, तिथे ज्याने त्याने स्वतःचं काम ठरवायचं, फक्त आधी तुला विचारायचं. आठवड्यात तीन घरं पूर्ण करायची, आडवी, उभी किंवा तिरपी, पण एका ओळीत. कुठली ओळ ते मुलांनी ठरवायचं. मुलं त्याला 'पसंदवाला फळा' म्हणायची.

पहिल्या सोमवारी मुलं घंटेच्या आधी वर्गात होती. खिळ्यापाशी रेटारेटी. जी पोरं तासाला खिडकीबाहेर बघत बसायची, ती बिल्ला हातात घेऊन फळ्यासमोर उभी होती. मी व्हरांड्यातून बघत होते, आणि खरं सांगते इंदू, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेच, की यात कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभावच तसा. आमच्या घरात तीन पिढ्या निजामाच्या दप्तरात गेल्या. कुणीही कागद पुढे केला की आधी उलटून मागची बाजू बघायची, हे आम्हाला पाळण्यात शिकवलेलं. तू जिंतूरकडची, कापूस लावणाऱ्या घरातली, लग्न होऊन मलकपेठेत आलेली. तुला वाटायचं, माणूस बोलतो तेच त्याच्या मनात असतं. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. मला वाटलं, ही फळा लावून दाखवतेय म्हणजे हिला कुठल्या तरी इंग्लिश शाळेत जायचं असणार आणि तिथे दाखवायला काहीतरी तयार करतेय. मग वाटलं, तसं नाही, हिला शिकवायचा कंटाळा आलाय, म्हणून पोरांच्या हाती कारभार दिला. मग वाटलं, दोन्ही असेल.

तुझ्या आणि सरोजिनीच्या मैत्रीचाही मला राग होता. ते आता सांगून टाकते. ती दिलसुखनगरला बसमध्ये चढायची आणि मलकपेठेपर्यंत पर्स ठेवून तुझी जागा धरायची. दोघी खिदळत शाळेत यायच्या. डब्यात तिचं गोंगुरा, म्हणजे अंबाडीचं लोणचं, तुझ्या भाकरीवर आणि तुझा ठेचा तिच्या भातात. मी एकटी माझा वरणभात खायची. मला कुणी बोलवत नव्हतं असं नाही, पण मी जाणारही नव्हते.

सरोजिनी मात्र तोंडावर बोलणारी. तिने सगळ्यांसमोर तुला सांगितलं होतं, "इंदू, तुझा वर्ग फिश मार्केट झाला आहे. शेजारी मला तेलुगू शिकवता येत नाही." तू म्हणालीस, "चार दिवस कळ काढ माय." ती फणकारली आणि दुपारी पुन्हा तुझ्याच भाकरीवर हात मारत होती. तुझी आणि तिची भांडणं तशी उघड्यावरची असायची.

तिसऱ्या आठवड्यात मी फळ्यासमोर उभी राहून बिल्ले मोजले. एकतीसपैकी चोवीस बिल्ले 'चित्र काढा' या एकाच घरात. एका खिळ्यावर एवढे बिल्ले की काही खाली पडले होते. खोटं का बोलू, मला आनंद झाला. निघालं ना, म्हटलं. सूट दिली की पोरं सोपं तेवढं उचलतात. आता हे इंदूला कसं सांगावं याची मी मनात वाक्यं जुळवत व्हरांड्यातून चालले होते, तेवढ्यात मनीषा आडवी आली. आठवते ना, दोन वेण्यांची, पाचवीत माझ्या वर्गात पहिली आलेली. मला म्हणाली, "बाई, चित्र काढाच्या बाजूला क्या लिखा है? पढके सांगा ना."

मी म्हटलं, "तू वाच की."

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

मी तिला तशीच वर्गात नेलं आणि फळ्यासमोर उभी केली. 'पुलावर' हा शब्द तिने तीन वेळा सुरू केला आणि सोडला. मग मी आणखी चार पोरांना बोलावलं. सगळी माझ्याच हाताखालून गेलेली. तीच गत. 'चित्र काढा' ती वाचत होती, कारण ते ड्रॉइंगच्या तासाला रोज फळ्यावर असायचं. सगळ्यात लहान तेच होतं. त्यापलीकडची लांब वाक्यं त्यांना लागतच नव्हती. म्हणजे पोरं आवडीने निवडत नव्हती. वाचता येईल तिथे बिल्ला लटकवत होती.

आणि हे का झालं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाचवीत मराठी माझ्याकडे. मी एक ओळ म्हणायची, पोरांनी माझ्यामागे म्हणायची. घरी ही पोरं अर्धं मराठी, अर्धं दखनी उर्दू बोलतात, गल्लीत तेलुगू, आणि मराठी पुस्तक शाळेबाहेर कुणी हातात धरत नाही. म्हणून मी सगळे धडे पाठ करून घ्यायची. परीक्षेत सगळी पास. तपासणीला साहेब आले की पोरं पुस्तक उघडून घडाघडा वाचायची. ते वाचन नव्हतंच, पुस्तक समोर धरून म्हणून दाखवणं होतं. तुझ्या फळ्यावर पहिल्यांदा त्यांच्यासमोर असं काही आलं जे मी पाठ करून दिलं नव्हतं. तुझ्या फळ्यात पाणी मुरत नव्हतं इंदू, माझ्या वर्गात मुरत होतं.

त्या दुपारी मी तुझ्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणायला हवं होतं, 'इंदू, पोरांना वाचता येत नाही, काहीतरी करू.' दोन वाक्यांचं काम होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, पाचवीत यांना कोण होतं? तो प्रश्न सरोजिनीसमोर यायला मला नको होता. तुझ्यासमोरही नको होता.

म्हणून मी हिमायतनगरच्या टायपिंगवाल्या खानसाबांकडे गेले. माझं अक्षर शाळेत सगळ्यांना माहीत. माझ्या मराठीचं वळणही माहीत. म्हणून अर्ज इंग्रजीत. खानसाबांनी विचारलं, "बाई, शिकायत है या दरखास्त?" मी म्हटलं, "दोनों समझो." मी दखनीत सांगत गेले आणि ते 'आय बेग टू ब्रिंग टू युवर काइंड नोटीस' करत गेले. त्यात मी सांगितलं की सहावीत शिस्त राहिलेली नाही, पोरं व्हरांड्यात हिंडतात, आणि ज्या फळ्यावरून ती काम निवडतात तो फळा त्यांना वाचताही येत नाही, पोरं शिक्षकांना वाचून मागतात. शेवटचं तेवढं खरं होतं. खाली 'अ वेलविशर'.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी कुठे उभी होते ते तुला माहीत नाही. कमिटीचे सेक्रेटरी साहेब तुझ्या वर्गात आले तेव्हा मी समोरच्या पाचवीच्या दारात होते, डस्टर झटकायचं निमित्त करून. साहेबांनी नेमकं मनीषालाच उठवलं. म्हणाले, "हे घर वाच." तिने पुलावरचं घर बघितलं. तिचे ओठ हलले. आणि मग एकाएकी ती मोठ्याने, न अडखळता म्हणायला लागली. पाचवीचा पहिला धडा. माझ्या सुरात, मी थांबते तिथे थांबत. साहेबांना हसू आलं. पोरंही हसली. साहेब म्हणाले, "बाई, यांना वाचता येत नाही आणि तुम्ही यांना पसंती विचारता?"

तू एका शब्दाने सांगितलं असतंस की ही मुलं पाचवीत वत्सलाताईंकडे होती, तर ते खरंच होतं. तू नाही बोललीस. मनीषाला जवळ घेतलंस, बस म्हणालीस. मग खुर्चीवर चढून स्वतःच्या हातांनी फळा उतरवलास. खिळे राहिले भिंतीत.

तू गप्प राहिलीस यावरूनच मला पहिला संशय आला, की हिला कळलं आहे. मी रात्रभर धास्तावून होते की आता ही विचारेल. पण दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलीस, खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "ताई, अर्ज इंग्रजीत होता म्हणे. मराठी माणूस मराठी शाळेला इंग्रजीत कामून लिहील?" आणि सरोजिनीच्या खुर्चीकडे बघितलंस.

मी पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एक अक्षर बोलले असते तर तुझी मैत्रीण तुला राहिली असती.

आणि याहून वाईट आहे ते सांगते. मला बरं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणून तर वाटलंच, पण तू माझ्या टेबलाशी बसलीस म्हणूनही वाटलं. ठेचा माझ्या वरणभातावर आला. सरोजिनी तुला दोनदा विचारायला आली, "क्या हुआ इंदू, बोल तरी." तू पाठ फिरवलीस. ती बसमध्ये तुझी जागा धरायची आणि तू मुद्दाम मागची बस घ्यायला लागलीस. हे तूच मला सांगायचीस, डोळ्यांत पाणी आणून, आणि मी 'जाऊ दे गं' म्हणायची. तीन वर्षांनी ती दिलसुखनगरच्या इंग्लिश शाळेत निघून गेली. निरोपाच्या दिवशीसुद्धा तू डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलीस.

आता चांगलं झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे खोटं होईल. फळा उतरवल्यावर आठ दिवसांनी तू मला म्हणालीस, "ताई, साहेब वाईट बोलले, पण खोटं नाही बोलले. लेकरांला वाचताच येत नाही, अन मी तीन आठवडे बघू लागले तरी मला दिसलं नाही." तू दोष स्वतःकडे घेतलास. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "सकाळी अर्धा तास लवकर ये. मी पण येते. वाचायला शिकवू." ते माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. आयुष्यात मी न विचारता कुणाला मदत केली असेल तर ती तीच.

फळा पुन्हा लागला, पण कपाटाच्या दाराला आतून. दार उघडलं की फळा, व्हरांड्यात बूट वाजले की दार बंद. राखण कोण करणार? मी. जिने तक्रार केली तीच दाराशी कान टवकारून उभी. तेव्हा मला हसू यायचं आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. नवा नियम तू केलास, की बिल्ला लटकवण्याआधी ते घर मोठ्याने वाचायचं. येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याबरोबर दोनदा वाचायचं. मी पाठांतर बंद केलं. रोज सकाळी पोरांसमोर नवीन ओळ, त्यांनी कधी न ऐकलेली. कधी दुकानाची पाटी, कधी बसचं तिकीट, कधी त्यांनीच सांगितलेली घरातली भांडणं मी मराठीत लिहून द्यायची. ती वाचायला पोरं तुटून पडायची.

दिवाळीपर्यंत बिल्ले पांगले. मनीषाने पुलावरचं घर घेतलं. मूसीच्या काठी गवत कापणाऱ्या एका बाईला तिने पाचाऐवजी अकरा प्रश्न विचारले आणि दीड पान लिहून आणलं. त्यात निम्मे शब्द दखनी. मी लाल पेन उचललं तर तू माझा हात धरलास. "आत्ता नको ताई. आत्ता ती लिहू लागलीय." मी चिडले, पण पेन खाली ठेवलं. पुढच्या वर्षी पाचवीतही मी फळा लावला. तुझ्याकडून शिकले, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. वीस वर्षं शिकवून मी शिकवायला तुझ्याकडून शिकले.

आपलं एक भांडण राहून गेलं. जे पोर वर्षभर एकच घर धरून बसतं, त्याला ढकलायचं की नाही? तू म्हणायचीस, वाट बघा, कंटाळलं की सरकेल. मी म्हणायची, कंटाळेपर्यंत वर्ष संपतं. शेवटच्या शुक्रवारी तू म्हणालीस, "याचं उत्तर आहे माझ्याकडं, सोमवारी सांगते." त्या सोमवारी तू दवाखान्यात होतीस. मला अजूनही शंका आहे की तुझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसती वेळ मारून नेत होतीस.

आणि एकदा, गेल्या वर्षीची गोष्ट, तू वह्या तपासता तपासता मान वर न करता विचारलंस, "ताई, हितचिंतक म्हणजे नक्की काय हो? लेकरं विचारू लागलेत." मी म्हटलं, "भलं चिंतणारा." तू 'हं' म्हणालीस आणि पुढची वही घेतलीस. एवढंच. त्या 'हं'वर मी वर्षभर झोप घालवली आहे. तो धड्यातला शब्द होता का? मी नंतर सहावीचं पुस्तक चाळून बघितलं. होता. तरी माझं समाधान नाही.

तुला शेवटचं नेलं त्या सकाळी मलकपेठेत तुझ्या घरासमोरच्या मेडिकल दुकानापाशी सरोजिनी उभी होती. हातात मोगऱ्याच्या फुलांचा पुडा. रस्ता ओलांडून आली नाही. तुझ्या मुलीने मला विचारलं, "मावशी, त्या कोण?" मी म्हटलं, "शाळेतल्या." तेवढ्यात सरोजिनीने माझ्याकडे बघितलं. पुडा दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि गेली.

इथवर काल लिहिलं आणि हात थांबला. तुला लिहून काय उपयोग, तू वाचणार थोडीच. जिला सांगायला हवं ती जिवंत आहे. म्हणून आज दुपारी उठले आणि दिलसुखनगरला गेले.

ती एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर राहते. जिना चढताना खालून पोरांचा एका सुरातला आवाज येत होता, मास्तर म्हणतो तेच मागून म्हणणारा. तो सूर मला चांगला ओळखीचा. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत तिचे. "कूर्चोंडी," म्हणाली, बसा. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "सरोजिनी, तो अर्ज मी दिला होता."

ती म्हणाली, "माहिती आहे."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "टीचर, मला मराठी समजतं. कमिटीवाल्यांनी तो अर्ज मलाच वाचायला दिला होता, कारण त्यांच्यातल्या दोघांना इंग्रजी धड येत नव्हतं. त्यात लिहिलं होतं, पोरं शिक्षकांना फळा वाचून मागतात. मी मनीषाला विचारलं, तू कुणाला वाचून मागितलंस? ती बोलली, वत्सलाबाईंना. दुसऱ्या कुणाला नाही. इंदूला तर हे माहीतच नव्हतं. मग कोण राहिलं?"

मी बसले.

"इंदूला का नाही सांगितलंस?"

"आधी सांगणार होते. रोज सकाळी बसमध्ये ठरवायची, आज धरून सांगते. ती त्या बसला यायचीच नाही. मग एक दिवस मी लवकर शाळेत आले. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून बघितलं. तुम्ही पोरांना वाचायला शिकवत होत्या. ती बाजूला बसून बिल्ले कापत होती. हसत होती. मी सांगितलं असतं तर ती तुमचं तोंड बघितली नसती. माझ्याकडे परत आली असती. पण मी तेलुगू टीचर. तिच्या पोरांना मराठी वाचायला मी कसं शिकवणार? तिला तेव्हा मैत्रीण नको होती, टीचर. तिला तुम्ही पाहिजे होत्या."

खोटं सांगत नाही इंदू, त्याही क्षणी माझ्या मनात आलं, की ही मोठेपणा मिरवतेय, माणूस आठ वर्षं असं गप्प बसत नाही. मी तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. सापडलं नाही.

"तिला शेवटपर्यंत कळलं नाही ना?" मी विचारलं.

"मी तर नाही सांगितलं. आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं."

म्हणजे तू माझ्या टेबलाशी बसत होतीस ती मला तुझी समजून बसत होतीस. जे रडू मी बारा दिवस आवरलं होतं, ते तिथे, तिच्या घरात आलं. तिने पाणी आणून ठेवलं, पण माझ्या पाठीवर हात ठेवला नाही.

माझं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आता ती नाही. पोरं पण वाचायला लागली. आता तुमच्याशी भांडू का मी?"

मी म्हटलं, "भांड."

मग ती भांडली, इंदू. आधी मराठीत, मग दखनीत, आणि मग आवाज चढला तशी नुसत्या तेलुगूत. उभी राहून भांडली, हात आपटून भांडली. पुढचं पुढचं मला निम्मंही समजत नव्हतं. तुझं नाव तेवढं दर वेळी समजत होतं.